एका खात्याची तीन दप्तरे

१. मोंढ्यातला प्रश्न

वसमतच्या मोंढ्यात हळदीची आवक वाढू लागली, की आडतीवरच्या मालकाचा दिवस भाव विचारण्यात आणि भाव कळविण्यात जातो. समजा, अशा एका मालकाने रात्री घरी बसून फोनवरून सांगलीच्या पेढीला कांडीचा आणि गट्टूचा दर ई-मेलने कळविला. सकाळी मुनिमाने दुकानातला संगणक उघडला. खाते तेच, पासवर्ड तोच. पाठविलेल्या पत्रांच्या कप्प्यात त्याने पाहिले, तो रात्रीचे पत्र तेथे नाही. सांगलीहून मात्र फोन येतो, की पत्र मिळाले, दर मान्य आहे, माल भरावा. पत्र गेले हे खरे आणि खाते एक हेही खरे. मग पाठविल्याची नोंद दुकानातल्या दप्तरात का नाही, हा मुनिमाचा प्रश्न अगदी रास्त आहे. आणि संगणकात व्हायरस शिरला असेल, नेट मंद असेल, मालकानेच पत्र पुसून टाकले असेल, अशी जी उत्तरे अशा वेळी शेजारच्या दुकानांतून फुकट मिळतात, त्यांतले एकही बहुधा बरोबर नसते.

हाच प्रश्न न्यायालयात हजर राहून परत आलेल्या वकिलाला, महाविद्यालयाच्या कार्यालयातील अव्वल कारकुनाला आणि परदेशी गेलेल्या मुलाशी पत्रव्यवहार ठेवणाऱ्या निवृत्त शिक्षकालाही पडतो. खरे उत्तर असे, की ते पत्र बहुधा त्याच खात्यात, मुनिमाच्या डोळ्यांसमोरच्या पडद्यावर, चार-दोन ओळी खाली, किंचित वेगळ्या नावाच्या कप्प्यात पडलेले असते. असे दोन आणि कधी तीन कप्पे एकाच कामासाठी का निर्माण होतात, हे समजण्यासाठी पत्र ठेवण्याचे काम कोण करतो, हे आधी पाहिले पाहिजे.

२. प्रत ठेवतो कोण

आपण जो प्रोग्रॅम उघडतो तेच खाते, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः खाते म्हणजे दूर कोठेतरी अहोरात्र चालू असलेल्या सर्व्हर नावाच्या यंत्रावर आपल्यासाठी राखलेली जागा होय. आऊटलुक, थंडरबर्ड, आयफोनमधील मेल, किंवा ब्राउझरमध्ये उघडणारे वेबमेल, हे सर्व त्या जागेशी व्यवहार करणारे निरनिराळे प्रोग्रॅम आहेत, आणि ते निरनिराळ्या कंपन्यांनी निरनिराळ्या काळी लिहिलेले आहेत.

या व्यवहाराच्या दोन रीती प्रचलित आहेत. पहिलीचे नाव पॉप. तिची तिसरी आवृत्ती १९८८ साली प्रथम लिहिली गेली आणि आज प्रमाण मानला जाणारा तिचा मजकूर १९९६ चा आहे. पॉपला आलेल्या पत्रांची एकच पेटी ठाऊक असते. तिच्यातली पत्रे संगणकावर उतरवून घ्यावीत, एवढाच तिचा कारभार. पाठविलेल्या पत्राची प्रत ज्या यंत्रावरून ते गेले त्याच यंत्रात राहते आणि दुसऱ्या यंत्राला ती दिसण्याचा मार्गच नसतो. मुनिमाचे खाते पॉपने जोडलेले असेल, तर त्याच्या प्रश्नाचे उत्तर येथेच संपले, आणि त्याने ते खाते दुसऱ्या रीतीने जोडून घेणे हेच इष्ट.

ही दुसरी रीत आयमॅप. मार्क क्रिस्पिन यांनी ती १९८६ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना तयार केली. तिच्यात सर्व पत्रे आणि सर्व कप्पे सर्व्हरवरच राहतात, आणि फोन, संगणक, ब्राउझर ही सर्व यंत्रे एकच मूळ संग्रह पाहतात. मग विसंगती उरण्याचे कारण काय, असे वाचक विचारील. कारण असे, की पत्र पाठविणे हे काम आयमॅपचे नव्हेच. ते एस.एम.टी.पी. नावाची तिसरी एक रीत करते, जिचा पाया जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली घातला. मालकाने फोनवर ‘पाठवा’ हे बटण दाबले, की फोन प्रथम एस.एम.टी.पी.च्या मार्गाने पत्र सांगलीकडे रवाना करतो. तेथे त्या रीतीचे काम संपते आणि ती काही जपून ठेवीत नाही. त्यानंतर फोन दुसऱ्यांदा, आयमॅपच्या मार्गाने, सर्व्हरशी बोलतो आणि त्याच पत्राची एक प्रत खात्यातल्या एखाद्या कप्प्यात दाखल करण्यास सांगतो. कोणत्या कप्प्यात, हे प्रोग्रॅम ठरवितो. सर्व गोंधळाचे मूळ या एका वाक्यात आहे. जी-मेलसारखे काही सर्व्हर पत्र रवाना करतानाच प्रत आपणहून ठेवतात, आणि तेथे प्रोग्रॅमने पुन्हा प्रत ठेवू नये अशी सूचना असते. परंतु स्वतःच्या नावाचे डोमेन घेऊन एखाद्या लहान होस्टिंग कंपनीकडे खाते ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला बहुधा ही सोय नसते.

३. राखीव नाव एकच

आयमॅपच्या नियमांत ‘इनबॉक्स’ हे एकच नाव राखीव आहे. ते मोठ्या लिपीत लिहा, लहान लिपीत लिहा किंवा मिसळून लिहा, सर्व्हरने ते एकच समजावे असा स्पष्ट दंडक आहे. पाठविलेली पत्रे, मसुदे, रद्दी, नको असलेल्या जाहिराती यांच्या कप्प्यांना काय म्हणावे, याविषयी मूळ नियम मौन पाळतात; इतकेच नव्हे, तर इनबॉक्सखेरीज अन्य नावांत लहान-मोठ्या अक्षरांचा भेद करावा की न करावा, हेही त्यांनी सर्व्हर लिहिणाऱ्यावर सोपविले. त्यामुळे मोठ्या ‘एस’ने आरंभ होणारा सेंट आणि लहान ‘एस’ने आरंभ होणारा सेंट हे अनेक सर्व्हरांवर दोन स्वतंत्र कप्पे ठरतात. शिवाय प्रोग्रॅमला हवा असलेला कप्पा जागेवर नसेल, तर तो त्याने निर्माण करावा याला कोणाची हरकत नाही, आणि खातेदाराला विचारण्याची सक्तीही नाही.

हा नियमकर्त्यांचा हलगर्जीपणा होता असे मला वाटत नाही. त्या काळी पत्रव्यवहार विद्यापीठांतून चाले, माणूस बहुधा एकाच प्रोग्रॅमवर बसे, आणि आपले कागद आपण कोणत्या नावाने ठेवावेत हा ज्याच्या त्याच्या मर्जीचा विषय समजला जाई. एकच खाते दिवसातून तीन यंत्रांवर उघडणारा मनुष्य तेव्हा विरळाच होता.

आपल्याकडे तर हा प्रश्न फारच उशिरा जाणवला. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, आणि पुढल्याच वर्षी ४ जुलैला सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांचे हॉटमेल सुरू झाले. आपल्या तालुक्याच्या गावांतील पुष्कळांची ई-मेलशी पहिली ओळख अशा ब्राउझरमधल्या खात्यांच्या द्वारेच, सायबर कॅफेच्या बाकावर झाली. तेथे खाते आणि प्रोग्रॅम एकाच कंपनीचे असत, म्हणून कप्प्यांची नावे कोठेही बसा, तीच दिसत. खिशात फोन आला आणि एका खात्याला दोन-तीन प्रोग्रॅम जोडले गेले, तेव्हा जुनी मोकळीक नडू लागली.

४. कोणी काय नाव ठेवले

वॉशिंग्टन विद्यापीठात १९८९ पासून घडत गेलेला पाइन हा प्रोग्रॅम एका पिढीच्या परिचयाचा होता. तो पाठविलेल्या पत्रांच्या कप्प्यास लहान अक्षरांत, मध्ये आडवी रेघ देऊन, ‘सेंट-मेल’ म्हणे. त्याची एक शिस्त मला फार आवडते: महिना पालटला, की तो त्या कप्प्याला सरत्या महिन्याचे नाव देऊन बाजूला ठेवावे काय असे विचारी आणि नवा कप्पा उघडी, जशी जुन्या कचेऱ्यांत जावक बारनिशी वर्ष संपताच बंद होई. क्रिस्पिन स्वतः पुढे याच विद्यापीठात काम करीत होते. म्हणजे राखीव नावांचा मोह टाळणारा नियमकर्ता आणि आपल्या आवडीचे नाव ठेवणारा प्रोग्रॅम एकाच आवारात नांदत होते.

मायक्रोसॉफ्टच्या आऊटलुकने ‘आयटम्स’ हा शब्द पत्करला. त्याच्या दृष्टीने पत्र, भेटीची वेळ, कामाची नोंद या साऱ्याच वस्तू. म्हणून पाठविलेल्यांचा कप्पा ‘सेंट आयटम्स’ आणि पुसलेल्यांचा ‘डिलीटेड आयटम्स’. अ‍ॅपलच्या मेलने सर्व्हरवर ‘सेंट मेसेजेस’ आणि ‘डिलीटेड मेसेजेस’ ही नावे चालविली. थंडरबर्ड अल्पाक्षरी: ‘सेंट’ आणि ‘ट्रॅश’. पुष्कळ होस्टिंग कंपन्या ब्राउझरसाठी राउंडक्यूब नावाचे वेबमेल देतात, त्याची मूळ नावेही हीच. जी-मेलने ‘सेंट मेल’ म्हटले. इतकेच नव्हे, तर आपले सारे ठरीव कप्पे चौकटी कंसातील आपल्या नावाच्या एका वरच्या कप्प्यात कोंबले.

नको असलेल्या पत्रांबाबत तर एकमताची गोष्टच सोडा. आऊटलुक त्यांना ‘जंक ई-मेल’ म्हणतो, अ‍ॅपल आणि थंडरबर्ड ‘जंक’, जी-मेल ‘स्पॅम’. याहूने पडद्यावर ‘स्पॅम’ दाखवून सर्व्हरवर मात्र दीर्घकाळ ‘बल्क मेल’ हे नाव ठेवले. मसुद्यांच्या बाबतीत ‘ड्राफ्ट्स’ या नावावर जवळजवळ सर्वांचे जमले, तेथेही याहूने एकवचनी ‘ड्राफ्ट’ लिहून आपले वेगळेपण राखले! जुनी पत्रे जपून ठेवण्याच्या कप्प्यास कोणी ‘आर्काइव्ह’ म्हणतो, तर थंडरबर्ड ‘आर्काइव्ह्ज’ असे अनेकवचन वापरतो आणि त्याच्या पोटात दरसालचा वेगळा कप्पा करतो.

या नावांपैकी कोणतेही चूक नाही, आणि कोणत्याही एकट्या प्रोग्रॅमपुरते पाहिले तर प्रत्येक योजना सुसंगत आहे. खोट निघते ती एका खात्यात दोघे एकत्र आल्यावर.

५. एक उदाहरण सोडवून पाहू

आपल्या मालकाचे खाते दुकानाच्या डोमेनवर आहे असे धरा. दुकानात आऊटलुक, मालकाकडे आयफोन, आणि मुलगा नांदेडहून ब्राउझरमध्ये राउंडक्यूब उघडतो. तिन्ही यंत्रे जोडताना कोणीही कप्प्यांची सेटिंग पाहिलेली नाही.

सोमवारी मुनीम दुकानातून हिशेबपट्टी पाठवितो. प्रत ‘सेंट आयटम्स’मध्ये जाते. रात्री मालक दर कळवितो. प्रत ‘सेंट मेसेजेस’मध्ये. मंगळवारी मुलगा वाहतूकदाराला गाडीचा क्रमांक कळवितो, प्रत ‘सेंट’मध्ये. तिघांपैकी प्रत्येकाला आपले पत्र बरोबर दिसते, आणि प्रत्येकाची खात्री असते की इतर दोघांची पत्रे ‘गेलीच नाहीत’. आता आऊटलुकमध्ये कप्प्यांची पूर्ण यादी उलगडली, तर तिन्ही कप्पे एकाखाली एक दिसतील. परंतु वर ठळकपणे मांडलेला कप्पा आऊटलुकचा स्वतःचा. बाकीचे दोघे खातेदाराने केलेल्या खासगी कप्प्यांच्या रांगेत, ‘सांगली’, ‘बँक’, ‘जी.एस.टी.’ यांच्यामध्ये कोठेतरी बसलेले असतात. मुनीम तेथे शोधीत नाही, यात त्याचा दोष नाही.

या उदाहरणाला आणखी एक उपकथा आहे. काही सर्व्हरांवर सर्व कप्पे इनबॉक्सच्या पोटात असावेत अशी रचना असते, आणि वरच्या व खालच्या कप्प्याच्या नावांमध्ये टिंब येते. इतर सर्व्हरांवर ते इनबॉक्सच्या शेजारी असतात आणि पातळी दाखविण्यासाठी तिरकी रेघ येते. पहिल्या प्रकारच्या सर्व्हरवर थंडरबर्डचा ‘सेंट’ खरोखरी ‘इनबॉक्स-टिंब-सेंट’ असतो. होस्टिंग कंपनी बदलली आणि जुनी पत्रे जशीच्या तशी नव्या सर्व्हरवर आणली, की कधी कधी जुना ‘सेंट’ इनबॉक्सच्या आत आणि नवा ‘सेंट’ बाहेर, अशी एकाच नावाची दोन दप्तरे दिसू लागतात. शिवाय आयमॅपमध्ये कप्पा ‘सब्स्क्राइब’ करण्याची, म्हणजे आपल्या यादीत रुजू करून घेण्याची, एक तरतूद आहे; जो कप्पा रुजू नाही तो सर्व्हरवर असूनही कित्येक प्रोग्रॅम दाखवीतच नाहीत. ‘सगळीकडे पाहिले, नाही’ असे मुनीम म्हणतो, तेव्हा त्याने जे दिसले ते सगळे पाहिलेले असते.

६. नमुन्याचा क्रमांक

यावर उपाय काय योजावा? सर्वांनी एकच नाव वापरावे, असा हुकूम काढावा, हे प्रथम सुचते. परंतु उपाय शोधण्याची वेळ येईतोवर जगभर कोट्यवधी खात्यांत जुनी नावे रूढ झाली होती, आणि कोणती कंपनी आपले नाव सोडणार, हा प्रश्न होताच. मग वेगळी वाट निघाली, आणि ती समजण्यासाठी मराठवाड्यातील वाचकाला आपल्या जमिनीच्या कागदांपलीकडे जावे लागत नाही.

सप्टेंबर १९४८ पर्यंत वसमतचा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. निजामी अमदानीत जिल्ह्याचा मुख्य अव्वल तालुकदार, तर मुंबईकडे कलेक्टर. येथे तालुक्याला तहसीलदार, तिकडे मामलेदार. येथे गावाचे दप्तर पटवाऱ्याकडे, तिकडे तलाठ्याकडे. जमिनीच्या कब्जाची जुनी नोंद पाहायची, तर मराठवाड्यातील खातेदार आजही १९५४-५५ सालचे ‘खासरा पाहणी पत्रक’ मागतो, आणि पुण्याकडून आलेल्या माणसाला हे काय प्रकरण आहे, ते समजावून सांगावे लागते. जिल्हे बदलले, परभणीतून १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा झाला, दप्तरे या कचेरीतून त्या कचेरीत गेली. या साऱ्या उलथापालथीत एक गोष्ट मात्र उपयोगी पडली, ती म्हणजे गावनमुन्यांचे क्रमांक. नमुना सहा म्हणजे फेरफारांची नोंदवही, सात म्हणजे अधिकार अभिलेख, आठ-अ म्हणजे एका खातेदाराच्या जमिनींची एकत्र नोंद, बारा म्हणजे पिकांची नोंदवही. वहीवर शीर्षक कोणत्याही वळणाचे असो, क्रमांक पाहिला की वहीचे कार्य कळते. नाव आणि कार्य वेगळे केले, आणि कार्याला स्वतंत्र खूण दिली, ही त्या क्रमांकांची करामत.

ई-मेलच्या जगात अगदी हेच मार्च २०११ मध्ये झाले. इंटरनेटचे नियम ‘आर.एफ.सी.’ नावाच्या क्रमांकित पत्रकांतून प्रसिद्ध होतात. त्यांपैकी ६१५४ क्रमांकाचे पत्रक बॅरी लाइबा आणि जे. निकल्सन यांनी लिहिले. त्याअन्वये सर्व्हरने कप्प्यांची यादी देताना प्रत्येक नावासोबत त्या कप्प्याचे कार्य सांगणारी खूण द्यावी असे ठरले. खुणा सात: सर्व पत्रे, जपून ठेवलेली, मसुदे, तारांकित, नको असलेली, पाठविलेली आणि रद्दी. ‘महत्त्वाची’ ही आठवी खूण २०१८ साली जोडली गेली. आता कप्प्याचे नाव ‘सेंट आयटम्स’ असो की कोणत्याही भाषेतले अन्य काही असो, त्यावर ‘पाठविलेली’ ही खूण आहे एवढे प्रोग्रॅमने पाहिले, की त्याने आपली प्रत तेथेच दाखल करावी. गूगलने आपल्या खात्यांपुरती अशी सोय त्यापूर्वीच केली होती. पुढे २०१९ साली जेमॅप नावाची जी नवी रीत आली, तिच्यात कप्प्याचे नाव आणि कप्प्याची भूमिका हे दोन रकाने मुळापासूनच वेगळे ठेवले, आणि ऑगस्ट २०२१ मधील आयमॅपच्या सुधारित मसुद्यात या खुणा मुख्य नियमांत सामावून घेतल्या.

इतके होऊनही आपल्या मुनिमाची अडचण का सुटली नाही? एक तर खुणा देणे न देणे हे त्या त्या सर्व्हरच्या व्यवस्थापकावर अवलंबून राहिले. दुसरे, खूण दिली तरी ती न पाहता नावच शोधणारे प्रोग्रॅम अद्याप चालू आहेत. आणि तिसरे म्हणजे, नियम येण्यापूर्वी जे कप्पे निर्माण झाले ते तसेच राहिले, कारण त्यांत पत्रे आहेत आणि ती परस्पर हलविण्याचे धाडस कोणी करीत नाही. डव्हकॉट हा फिनलंडच्या टिमो सिराइनेन यांचा सर्व्हर फार मोठ्या प्रमाणावर वापरला जातो; त्याच्या नमुन्यादाखल दिलेल्या सेटिंगमध्ये ‘सेंट’ आणि ‘सेंट मेसेजेस’ या दोन्ही कप्प्यांवर ‘पाठविलेली’ हीच खूण मारलेली असून, दोन्ही नावे रूढ आहेत, जास्तीचा कप्पा झाल्यास वापरणारा तो काढून टाकील, अशा आशयाची टीप तेथे जोडलेली आहे. दोन सातबारे देऊन खोटा कोणता ते खातेदाराने ठरवावे, असाच हा प्रकार. पण त्यात एक प्रांजळपणा आहे, हेही मान्य केले पाहिजे.

७. भाषा बदलली की

नावे भाषेप्रमाणेही बदलतात. जी-मेलच्या खात्याची भाषा अमेरिकी इंग्रजी असेल तर रद्दीचा कप्पा ‘ट्रॅश’. तीच ब्रिटिश इंग्रजी केली, की तो ‘बिन’. आपल्याकडच्या पुष्कळ फोनांवर ‘बिन’ दिसते, ते यामुळे. हा फरक पडद्यापुरता नाही. आयमॅपने जोडलेल्या इतर प्रोग्रॅमांनाही बदललेलेच नाव दिसते, आणि खात्याची भाषा मराठी केली तर तेथे मराठी नावे उतरतात. ब्रिटनमध्ये तर नावाच्या मालकीच्या वादामुळे २००५ ते २०१० या काळात गूगलला जी-मेल हे नावच वापरता येत नव्हते. तेथे वरच्या कप्प्याचे नाव ‘गूगल मेल’ झाले, आणि जी-मेल हे नाव घट्ट धरून बसलेल्या प्रोग्रॅमांना ते कप्पे सापडेनात.

देवनागरी नावांची आणखी एक गंमत आहे. आयमॅपच्या जुन्या नियमांप्रमाणे कप्प्याचे नाव सर्व्हरकडे केवळ साध्या रोमन चिन्हांत जाऊ शकते. मुनिमाने ‘हळद’ नावाचा कप्पा केला, की प्रोग्रॅम त्या तीन अक्षरांचे रोमन अक्षरांच्या एका अर्थहीन मालिकेत रूपांतर करतो, तिच्या आरंभी ‘अँड’चे चिन्ह आणि अखेरीस आडवी रेघ घालतो, आणि वाचताना ती उलटी उलगडून पुन्हा ‘हळद’ दाखवितो. एखादा प्रोग्रॅम किंवा पत्रे हलविणारे एखादे साधन ही उलगड करीत नसेल, तर यादीत ती रोमन मालिकाच दिसते, आणि कोणी तरी खाते फोडले अशी धास्ती खातेदार घेतो. तसे काही झालेले नसते. २०२१ च्या मसुद्याने देवनागरी नावे सरळ पाठविण्याची मुभा दिली आहे.

८. रद्दी आणि नको असलेली पत्रे

पाठविलेल्या पत्रांपेक्षा या दोन कप्प्यांतली विसंगती अधिक महागात पडते, असे माझे मत आहे.

आयमॅपच्या मूळ कल्पनेत रद्दीचा कप्पा नव्हताच. पत्र पुसायचे म्हणजे त्यावर ‘पुसलेले’ अशी खूण करायची, आणि मग एका वेगळ्या आज्ञेने खूण केलेली सर्व पत्रे कायमची काढायची. आऊटलुकच्या जुन्या आवृत्त्यांत आयमॅपवरील पुसलेली पत्रे मधोमध रेघ मारलेली दिसत, ती यामुळेच. रद्दीत हलविणे ही प्रोग्रॅमांनी पाडलेली रूढी आहे, आणि पत्र एका कप्प्यातून दुसऱ्यात थेट हलविण्याची आज्ञा तर नियमांत जानेवारी २०१३ मध्ये आली. तोवर प्रत करा, खूण करा, मूळ काढा, असा तिहेरी खटाटोप असे. आता सर्व्हरच्या व्यवस्थापकाने ‘ट्रॅश’ हा कप्पा ठराविक मुदतीने रिकामा करण्याची व्यवस्था केली, आणि मालकाचा फोन मात्र सारे काही ‘डिलीटेड मेसेजेस’मध्ये टाकीत राहिला, तर ते ढिगारे कोणी उपसत नाही, आणि एके दिवशी जागा भरली म्हणून येणारी पत्रे परत जाऊ लागतात.

नको असलेल्या पत्रांचे याहून कठीण. सर्व्हरची चाळणी संशयास्पद पत्र ‘स्पॅम’मध्ये टाकते, आऊटलुकची स्वतःची चाळणी ‘जंक ई-मेल’मध्ये. हळदीची चौकशी करणाऱ्या एखाद्या अनोळखी खरेदीदाराचे पत्र यांपैकी एका कप्प्यात अडकले आणि मुनीम दुसराच तपासत राहिला, तर गिऱ्हाईक गेले. जी-मेल तर स्पॅम आणि रद्दी या दोन्ही कप्प्यांतील पत्रे ३० दिवसांनी आपोआप काढून टाकतो. तेथे उशिरा केलेला शोध व्यर्थ. शिवाय पुष्कळ सर्व्हर नको असलेल्या पत्रांसाठी नेमलेल्या कप्प्यात आपण काय टाकतो, काय बाहेर काढतो यावरून शिकतात. भलत्याच नावाच्या कप्प्यात टाकलेल्या पत्रांतून ते काही शिकत नाहीत.

९. दुरुस्ती

प्रथम ब्राउझरमध्ये वेबमेल उघडून सर्व कप्पे, रुजू नसलेल्यांसह, पाहावेत. वेबमेल होस्टिंग कंपनीनेच बसविलेले असल्याने त्याची नावे बहुधा सर्व्हरच्या नेमणुकीशी जुळतात. ज्या कप्प्यात वेबमेल पाठविलेली पत्रे ठेवते तोच कायम करावा आणि इतर यंत्रांना तो दाखवून द्यावा.

आयफोनवर खात्याच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ या भागात ‘मेलबॉक्स बिहेव्हियर्स’ नावाची जागा असते. तेथे मसुदे, पाठविलेली, पुसलेली आणि जपलेली पत्रे यांसाठी सर्व्हरवरील कोणता कप्पा वापरावा हे निवडता येते. थंडरबर्डमध्ये हेच काम ‘कॉपीज अँड फोल्डर्स’ या पानावर होते. आऊटलुकच्या २०१० च्या आवृत्तीपर्यंत पाठविलेल्या पत्रांचा कप्पा निवडण्याचा रकाना होता. २०१३ पासून तो काढून टाकला आणि प्रोग्रॅम सर्व्हरच्या खुणांवर विसंबू लागला. तेव्हा दुकानात नवे आऊटलुक असेल, तर होस्टिंग कंपनीला त्या एका कप्प्यावर ‘पाठविलेली’ ही खूण ठेवण्याची विनंती करणे, किंवा सर्वांनी मिळून आऊटलुकचाच कप्पा स्वीकारणे, हे दोन मार्ग उरतात. मला दुसरा अधिक व्यवहार्य वाटतो, कारण फोनला समजावणे आऊटलुकला समजावण्यापेक्षा सोपे आहे.

सेटिंग बदलल्यावर जुन्या कप्प्यांतील पत्रे संगणकावरून, एका वेळी थोडी थोडी, कायम केलेल्या कप्प्यात हलवावीत. हजारो पत्रे एकदम ओढली तर मंद जोडणीवर काम मध्येच तुटते आणि काही पत्रे दोन्हीकडे राहतात. मग रिकामे झालेले कप्पे काढावेत. हा क्रम उलटा करू नये, कारण आत पत्रे असलेला कप्पा काढला तर आतली पत्रेही जातात, आणि ज्या यंत्राची सेटिंग बदलायची राहिली आहे ते पुढचे पत्र पाठविताच जुन्या नावाचा कप्पा नव्याने निर्माण करते. दोन दिवसांनी ‘सेंट मेसेजेस’ पुन्हा उगवलेला दिसला, तर सर्व्हरवर रागावण्याचे कारण नाही. त्या खात्याशी अजून जोडलेले एखादे यंत्र, बहुधा घरी मुलांच्या हाती दिलेला मालकाचा जुना फोन, हुडकून काढावा.